तहनामा, सनद आणि वहिवाट
(राष्ट्रांच्या कायद्याच्या अभ्यासाविषयी)



गतवर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत एके सायंकाळी आमच्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी आपल्या वडिलांसह माझ्या घरी आली. बारावीची परीक्षा ती चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली होती, आणि कायद्याचा अभ्यास करावा, त्यातही पुढे आंतरराष्ट्रीय कायदा हा विषय घ्यावा, असे तिच्या मनाने घेतले होते. वडील शेतकरी. त्यांनी मुलीच्या शिक्षणास कधी आडकाठी केली नव्हती. परंतु या विषयाचे नाव ऐकून ते साशंक झाले होते. चहा झाल्यावर त्यांनी सरळच विचारले, “गुरुजी, आमच्या मळ्याची वाट शेजाऱ्याने काटे टाकून अडविली आहे. येथे तहसीलदार आहेत, पोलीस आहेत, तरी आम्ही तीन वर्षे कचेरीत हेलपाटे घालतो आहोत. मग एका देशाने दुसऱ्या देशाची वाट अडविली, तर तेथे तहसीलदार कोण आणि पोलीस कोण? ज्या कायद्याला धनी नाही, तो शिकण्यात पोरीने पाच वर्षे का घालवावीत?”

प्रश्न रास्त होता. त्या वेळी मी दिलेल्या उत्तराने त्यांचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगावयाचे तर माझेही झाले नाही. पुढे सुट्टीभर मी या विषयाचे शक्य तेवढे वाचन केले. तेव्हा आढळून आले की, त्या गृहस्थांनी सहज म्हणून दिलेला वाटेचा दृष्टांत अगदी नेमका होता. दोन राष्ट्रांमधील वाटेचा एक मोठा दावा खरोखरच जगाच्या न्यायालयापुढे चालला होता; त्यात आपले भारत राष्ट्र प्रतिवादी होते, आणि पेशवाईतील मराठी कागदांतील शब्दांचा अर्थ लावल्यावाचून त्याचा निकाल होणे शक्य नव्हते. त्या दाव्याची हकीकत पुढे येईलच. तत्पूर्वी हा विषय काय आहे ते पाहू.

एका देशातील माणसांचे परस्परांशी आणि आपल्या सरकारशी जे संबंध येतात, त्यांचे नियमन त्या देशाचा कायदा करतो. परंतु राष्ट्राराष्ट्रांमध्येही संबंध येतात. सीमा ठरवावयाच्या असतात, समुद्रावर जहाजे न्यावयाची असतात, एकमेकांच्या राजधानीत वकील ठेवावयाचे असतात, युद्धात सापडलेल्या कैद्यांना कसे वागवावे हे ठरवावयाचे असते. या संबंधांचे नियम म्हणजे सार्वजनिक आंतरराष्ट्रीय कायदा होय. खासगी आंतरराष्ट्रीय कायदा म्हणून दुसरा एक विषय आहे. नवरा एका देशाचा, बायको दुसऱ्या देशाची आणि मिळकत तिसऱ्याच देशात, अशा वेळी कोणत्या देशाचा कायदा लावावा, हे तो सांगतो. नावातील सारखेपणामुळे या दोहोंत गल्लत होऊ नये.

हे नियम येतात कोठून? सगळ्या जगाची मिळून एक विधिसभा नाही. हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या घटनेत, अडतिसाव्या कलमात, या प्रश्नाचे उत्तर दिलेले आहे. पहिले मूळ म्हणजे राष्ट्रांनी आपसांत केलेले तह व करार. दुसरे, राष्ट्रे कर्तव्य समजून दीर्घकाळ पाळीत आलेली वहिवाट. तिसरे, सुधारलेल्या राष्ट्रांच्या कायद्यांत सर्वत्र आढळणारी सामान्य तत्त्वे. न्यायालयांचे पूर्वीचे निकाल आणि नामांकित पंडितांचे ग्रंथ यांचाही नियम निश्चित करण्याच्या कामी साधन म्हणून उपयोग होतो. हॉलंडमधील ह्यूगो ग्रोशियस या पंडिताने १६२५ साली युद्ध व शांतता यांच्या कायद्यावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तेथून या शास्त्राची सुसंगत मांडणी सुरू झाली, असे सामान्यतः मानतात. तहाचे नियम, वहिवाटीचे नियम, समुद्राचा कायदा, वकिलातींचा कायदा, युद्धाचा कायदा आणि मानवी हक्क, अशी या विषयाची प्रकरणे विद्यापीठात शिकवितात.

यांतील पहिले प्रकरण बहुधा असे असते : ‘राष्ट्र’ कोणाला म्हणावे? औंधच्या मुलांना हे प्रकरण पुस्तक न उघडताही समजेल. १९३३ साली दक्षिण अमेरिकेतील माँटेव्हिडिओ शहरी झालेल्या करारात राष्ट्राची चार लक्षणे सांगितली आहेत : कायमची प्रजा, निश्चित प्रदेश, शासन, आणि इतर राष्ट्रांशी संबंध ठेवण्याची पात्रता. आता आपल्या जुन्या औंध संस्थानाला ही चार लक्षणे लावून पाहा. प्रजा होती. प्रदेश होता, तो विखुरलेला असला तरी निश्चित होता. औंध, आटपाडी, कुंडल आणि गुणदाळ मिळून ७२ गावांचे ते संस्थान. त्यातील औंध आज सातारा जिल्ह्यात, आटपाडी व कुंडल सांगली जिल्ह्यात आणि गुणदाळ कर्नाटकात आहे. शासन तर होतेच, आणि तेही नमुनेदार. श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपण होऊन प्रजेला राज्याधिकार देण्याचे ठरविले, आणि महात्मा गांधींच्या सल्ल्याने तयार झालेली स्वराज्याची राज्यघटना जानेवारी १९३९ मध्ये अमलात आणली. ग्रामपंचायत हा तिचा पाया होता. त्या काळी एवढे अधिकार रयतेच्या हाती देणारे संस्थान विरळाच.

तीन लक्षणे जुळली. चौथे मात्र जुळत नाही. पेशवाई बुडाल्यावर १८२० साली पंतप्रतिनिधींचा इंग्रजांशी करार झाला, आणि सातारचे राज्य खालसा झाल्यावर औंधचा संबंध थेट इंग्रज सरकारशी जडला. परराष्ट्रांशी बोलणे, तह अगर युद्ध करणे हे अधिकार संस्थानांना उरले नव्हते. औंधचा एखादा तरुण विलायतेस निघाला, तर कायद्याच्या दृष्टीने तो ‘ब्रिटिश प्रजाजन’ नसून ‘ब्रिटिश संरक्षित व्यक्ती’ गणला जाई. कारण त्याचा राजा वेगळा होता, पण त्या राजाच्या वतीने जगाशी बोलणारा मात्र इंग्रज होता. १५ ऑगस्ट १९४७ रोजी इंग्रजांचे हे वरिष्ठत्व संपले आणि ८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झाले.

त्याच वर्षी राजेसाहेबांचे चिरंजीव बॅरिस्टर आप्पासाहेब पंत भारताचे कमिशनर म्हणून पूर्व आफ्रिकेत नैरोबी येथे गेले. पुढे इंडोनेशिया, नॉर्वे, ईजिप्त, इंग्लंड व इटली या देशांत त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. ज्या संस्थानाला परक्या देशाशी पत्रव्यवहार करण्याची मुभा नव्हती, त्याच संस्थानचा राजपुत्र स्वतंत्र भारताच्या वतीने देशोदेशी बोलू लागला. चौथे लक्षण म्हणजे काय, हे यावरून ध्यानात येईल.

आता तहाकडे वळू. हा भाग सातारकरांच्या दुःखाचा आहे. इंग्रजांनी २५ सप्टेंबर १८१९ रोजी छत्रपती प्रतापसिंह महाराजांशी तह केला. त्यात ठराविक प्रदेशाचे राज्य महाराजांना आणि त्यांच्या वारसांना व उत्तराधिकाऱ्यांना कायमचे दिले असल्याचे लिहिले होते. त्याचबरोबर, इंग्रजांच्या संमतीवाचून कोणत्याही बाहेरच्या सत्तेशी संबंध ठेवावयाचा नाही, अशीही अट होती. प्रतापसिंह महाराज विद्याप्रेमी व कारभारात दक्ष होते. परंतु इंग्रज अधिकाऱ्यांशी त्यांचे बिनसले. गोव्याच्या पोर्तुगीजांशी व इतरांशी गुप्त संधान बांधल्याचा आरोप त्यांच्यावर आला, आणि १८३९ साली त्यांना पदच्युत करून काशीस पाठविण्यात आले. आरोपाची उघड चौकशी व्हावी, आपणांस पुरावा दाखवावा आणि आपले म्हणणे ऐकून घ्यावे, एवढीच त्यांची मागणी होती. ती मान्य झाली नाही. १८४७ साली तेथेच त्यांचा अंत झाला.

महाराजांचे वकील रंगो बापूजी गुप्ते दाद मागण्यासाठी विलायतेस गेले. चौदा वर्षे त्यांनी त्या परक्या मुलुखात काढली. कंपनीच्या भागीदारांच्या सभेत ते बोलले, पत्रके छापून वाटली, पार्लमेंटच्या सभासदांची मने वळविण्याचा यत्न केला. दरम्यान १८४८ साली गादीवरील शहाजी महाराज वारले. त्यांनी मृत्यूपूर्वी दत्तक घेतला होता; तरी गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी याने तो दत्तक राज्यापुरता नामंजूर केला आणि सातारा खालसा केले. ‘वारस व उत्तराधिकारी’ या शब्दांत दत्तक पुत्र येतो की नाही, हा वादाचा मुद्दा होता. आपल्या धर्मशास्त्राप्रमाणे व वहिवाटीप्रमाणे तो येतो, असे सांगणारे लोक इंग्रजांतही होते. परंतु अर्थ लावणारा कोण? तहातील एक पक्षच. वादीही तोच, न्यायाधीशही तोच, आणि अंमलदारही तोच. रंगो बापूजी रिकाम्या हाताने परतले, आणि १८५७ च्या उठावात सामील होऊन पुढे नाहीसे झाले.

येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. रंगो बापूजींची बाजू दुबळी पडली, ती कागद नव्हता म्हणून नव्हे. तहनामा होता, त्यावर सह्या होत्या, शिक्के होते. नव्हती ती तिऱ्हाईत जागा, की जेथे दोघांनाही सारखेच उभे राहावे लागेल आणि ‘या शब्दाचा अर्थ काय?’ हे तिसरा कोणी ठरवील. आमच्या शेतकरी मित्राने विचारलेला ‘तहसीलदार कोण?’ हा प्रश्न रंगो बापूजींनी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच, फार मोठी किंमत देऊन, विचारला होता.

पुढे शंभर वर्षांनी ही तिऱ्हाईत जागा काही अंशी अस्तित्वात आली. दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रसंघ स्थापन झाला, आणि त्याचे न्यायालय १९४६ पासून हॉलंडमधील हेग शहरी, शांतिमंदिर नावाच्या वास्तूत काम करू लागले. त्यात पंधरा न्यायाधीश असून प्रत्येकाची निवड नऊ वर्षांसाठी होते. याच न्यायालयात आपल्या वाटेचा दावा गेला.

हकीकत अशी. दमणच्या आत, चहूबाजूंनी भारतीय मुलुखाने वेढलेले, दादरा व नगरहवेली हे दोन टापू पोर्तुगीजांच्या ताब्यात होते. दमणहून तेथे जावयाचे तर भारताच्या भूमीवरूनच जावे लागे. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी हे दोन्ही टापू मुक्त केले. पोर्तुगालला आपले अधिकारी व फौज तेथे धाडावयाची होती. भारताने वाट दिली नाही. तेव्हा २२ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगालने हेग येथे भारताविरुद्ध दावा दाखल केला. भारताच्या बाजूने महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड यांच्यासारखे कायदेपंडित उभे राहिले. आणि या खटल्यापुरते भारताने नेमलेले न्यायाधीश म्हणून मुंबईचे न्यायमूर्ती महंमद करीम छागला न्यायासनावर बसले.

पोर्तुगालचे म्हणणे असे : “१७७९ साली पुणे येथे पेशव्यांनी आमच्याशी तह केला, आणि १७८३ व १७८५ च्या सनदांनी ही गावे आम्हांला दिली. तेव्हापासून आम्ही त्यांचे सार्वभौम धनी आहोत. धन्याला आपल्या मिळकतीकडे जावयास वाट असलीच पाहिजे.” भारताचे म्हणणे असे की, मुळात तो तहच कायदेशीर रीतीने पुरा झालेला नव्हता, आणि झाला असे धरले तरी पेशव्यांनी दिला तो केवळ वसूल घेण्याचा हक्क, राज्य नव्हे.

झाले! नाना फडणिसांच्या काळचे कागद हेगच्या न्यायासनापुढे आले. तहाच्या सतराव्या कलमाचे निरनिराळे पाठ न्यायमूर्तींनी ताडून पाहिले. सनदांत काय शब्द आहेत ते तपासले. मराठ्यांनी इतरांशी केलेल्या तहांत जेथे राज्यच द्यावयाचे असे, तेथे कायमचे व सार्वभौम हक्काने दिल्याचे शब्द स्पष्ट घातलेले असत, हे त्यांना दिसून आले. येथे तसे शब्द नव्हते. येथे होता तो सालीना बारा हजार रुपये उत्पन्नाचा सरंजाम, म्हणजे जहागीर. सरंजाम म्हणजे काय, हे औंधच्या जुन्या माणसांना सांगावयास नको. सेवेबद्दल अगर स्नेहाबद्दल गावचा वसूल लावून द्यावयाचा. पण राज्य देणाऱ्याचेच राहावयाचे. अशा देणगीने प्रदेशाचे सार्वभौमत्व हस्तांतरित झाल्याचे एकही उदाहरण आपल्यापुढे आलेले नाही, असे न्यायालयाने नमूद केले. पोर्तुगालने असाही युक्तिवाद केला होता की, गावांत बंड झाल्यास ते मोडण्याचा अधिकार पेशव्यांनी आम्हांला दिला होता, त्याअर्थी राज्यच दिले होते. न्यायालयाने याचा उलट अर्थ काढला : राज्यच दिले असते, तर बंड मोडण्याची वेगळी परवानगी लिहून देण्याचे कारण काय?

तह वैध होता की नव्हता, या मुद्द्यावरही न्यायालयाने एक शिकण्यासारखी गोष्ट सांगितली. अठराव्या शतकातील हिंदुस्थानात झालेल्या कराराला विसाव्या शतकातील रीतिरिवाजांची फूटपट्टी लावू नये. त्या वेळच्या माणसांनी तो तह मानला होता की नाही, हे पाहावे. मराठ्यांनी तो मानला होता. म्हणून तो वैध. या मुद्द्यावर भारताचे म्हणणे न्यायालयाने स्वीकारले नाही.

येथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की सरंजामाच्या शब्दावर भारताचा पूर्ण विजय झाला. तसे झाले नाही, आणि हाच या खटल्यातील मोठा धडा आहे. पेशव्यांच्या नंतर इंग्रज आले. पोर्तुगीज त्या गावांत संपूर्ण कारभार करताना त्यांना आढळले, आणि त्यांनी ती स्थिती मान्य केली. कागदाने जे मिळाले नव्हते, ते पुढच्या सत्तेने दीर्घकाळ मान्य केल्यामुळे पोर्तुगालला मिळाले, असे न्यायालय म्हणाले. वाटेच्या प्रश्नावरही कागद बाजूला ठेवून त्याने वहिवाट पाहिली. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ खासगी माणसे, मुलकी अधिकारी व सामान्य माल यांची ये-जा अव्याहत चालली होती. ती उभय पक्षांनी हक्क म्हणून पाळली होती. सबब तेवढ्यापुरती वाट पोर्तुगालला होती. उलट फौज, सशस्त्र पोलीस व दारूगोळा यांना प्रत्येक वेळी परवानगी घ्यावी लागत असे. सबब त्यांच्यासाठी वाटेचा हक्क नव्हता. आणि १९५४ साली टापूंत उठाव होऊन वातावरण तंग झाले असता भारताने वाट बंद केली, ती नियमन करण्याच्या आपल्या अधिकारात राहूनच केली. त्यात भारताने कर्तव्यभंग केला नाही. १२ एप्रिल १९६० रोजी हा निकाल लागला. नागरी वाटेच्या मुद्द्यावर मते अकरा विरुद्ध चार, फौजेच्या मुद्द्यावर आठ विरुद्ध सात आणि कर्तव्यभंगाच्या मुद्द्यावर नऊ विरुद्ध सहा पडली.

बांधावरच्या वाटेचा दावा तहसीलदारापुढे जातो तेव्हा ते काय पाहतात? कागदावर वाट दाखविली आहे काय. नसल्यास वहिवाट किती वर्षांची. आणि ती पायवाट आहे की गाडीवाट. पायाने जाण्याची वहिवाट असली म्हणून नांगर-गाडी नेण्याचा हक्क आपोआप येत नाही. हेगच्या न्यायमूर्तींनी दोन राष्ट्रांमध्ये नेमके हेच पाहिले. केवळ दोनच राष्ट्रांमध्येही बंधनकारक वहिवाट उत्पन्न होऊ शकते, याचा दाखला म्हणून जगातील विद्यापीठांत आजही हा खटला शिकविला जातो.

आता ‘पोलीस कोण?’ या प्रश्नाकडे येतो. प्रामाणिक उत्तर असे की, घरी येऊन बेडी घालणारा पोलीस या कायद्याला नाही. निकाल न पाळणाऱ्या राष्ट्राविरुद्ध सुरक्षा मंडळाकडे जाता येते. परंतु तेथे पाच बड्या राष्ट्रांना नकाराधिकार आहे, म्हणून तो उपाय लंगडा पडतो. यात आपल्या देशाचीही गोष्ट येते, आणि ती विद्यार्थ्यांपासून लपवू नये. डिसेंबर १९६१ मध्ये भारताने लष्कर पाठवून गोवा मुक्त केला. गोमंतकीयांच्या दृष्टीने आणि आपल्या दृष्टीने तो साडेचारशे वर्षांच्या परदास्याचा शेवट होता. परंतु संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने बळाचा वापर वर्ज्य केला आहे, असे म्हणून अनेक राष्ट्रांनी भारताला दोष दिला. शस्त्रसंधी व सैन्यमाघारीच्या ठरावाला सुरक्षा मंडळात सात मते अनुकूल पडली. सोव्हिएत रशियाच्या नकाराधिकारामुळे तो फेटाळला गेला. वसाहत ही मुळातच चालू असलेली आक्रमणाची अवस्था आहे, असा भारताचा पक्ष होता. दोन्ही बाजूंचे म्हणणे सारख्याच काळजीने लिहून काढता येणे, ही या विषयाच्या विद्यार्थ्याची पहिली परीक्षा होय. शेजाऱ्याला लावावयाचे माप आपल्यालाही लावता आले पाहिजे. नाही तर डलहौसीला दोष देण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

तथापि पोलीस नाही म्हणून कायदाच नाही, असे म्हणणे चुकीचे ठरेल. महाराष्ट्राचे श्री. कुलभूषण जाधव यांचे उदाहरण पुष्कळांच्या स्मरणात असेल. नौदलातील या निवृत्त अधिकाऱ्यास पाकिस्तानात अटक होऊन एप्रिल २०१७ मध्ये लष्करी न्यायालयाने फाशीची शिक्षा सुनावली. परदेशात पकडलेल्या माणसास आपल्या देशाच्या वकिलातीशी संपर्क साधू दिला पाहिजे, असा १९६३ चा व्हिएन्ना करार आहे, आणि भारत व पाकिस्तान या दोघांनीही तो स्वीकारलेला आहे. भारत मे २०१७ मध्ये हेगला गेला. महाराष्ट्राचेच श्री. हरीश साळवे यांनी भारताची बाजू मांडली. दहा दिवसांत न्यायालयाने शिक्षेच्या अंमलबजावणीस मनाई केली. आणि १७ जुलै २०१९ रोजी, पाकिस्तानने कराराचा भंग केला असून शिक्षेचा परिणामकारक फेरविचार झाला पाहिजे, असा निकाल पंधरा विरुद्ध एक मताने दिला. त्यानुसार पाकिस्तानला फेरविचारासाठी कायदा करावा लागला. जाधव यांची सुटका करा, ही भारताची मागणी मात्र न्यायालयाने मान्य केली नाही. म्हणजे या कायद्याची शक्ती आणि मर्यादा दोन्ही त्या एका निकालात दिसतात. प्रतापसिंह महाराजांची मागणी आठवा : माझे म्हणणे ऐका, माझा पुरावा पाहा. १८३९ साली राजालाही जे मिळाले नाही, ते मागण्यासाठी २०१७ साली एका सामान्य नागरिकाकरिता राष्ट्राला जागा होती.

आता पालकांसाठी थोडी व्यवहाराची माहिती देतो. बारावीनंतर पाच वर्षांचा, अथवा कोणत्याही शाखेची पदवी घेतल्यानंतर तीन वर्षांचा, असे कायद्याच्या पदवीचे दोन मार्ग आहेत; दोहोंसाठी प्रवेश परीक्षा असते. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ पासूनचे आणि पुण्याचे आय. एल. एस. विधी महाविद्यालय १९२४ पासूनचे; मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे राष्ट्रीय विधी विद्यापीठेही आहेत. पदवीच्या अभ्यासक्रमात आंतरराष्ट्रीय कायदा हा एक विषय असतो. विशेष अभ्यास पुढे पदव्युत्तर वर्गात होतो. अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धांत विद्यार्थी काल्पनिक राष्ट्रांची वकिली करून दाखवितात. हेग येथे १९२३ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय कायद्याची एक अकादमी असून, तिच्या उन्हाळी वर्गांस देशोदेशीचे विद्यार्थी येतात.

पोट भरण्याचे काय, असे कोणी विचारील. याच एका विषयावर उपजीविका करणाऱ्यांची संख्या थोडी आहे, हे मी झाकून ठेवीत नाही. परराष्ट्र सेवा, परराष्ट्र मंत्रालयाचा कायदा व तह विभाग, अध्यापन, जहाज व व्यापारविषयक वकिली, आणि आंतरराष्ट्रीय संस्था, असे मार्ग आहेत; त्यांसाठी स्पर्धा कडक असते. परंतु कायद्याची पदवी तर हाती असतेच, आणि जिल्हा न्यायालयातील वकिलीही सन्मानाने करता येते. नेमके वाचण्याची, दोन्ही बाजू मांडण्याची आणि शब्दाला जपण्याची जी सवय या विषयाने लागते, ती कोठेही वाया जात नाही.

तयारी मात्र शाळेतच सुरू होते. इंग्रजी चांगले आलेच पाहिजे, कारण हेगच्या न्यायालयाच्या भाषा इंग्रजी व फ्रेंच आहेत. इतिहास मनापासून वाचावा. आणि मराठीचा कंटाळा करू नये. पेशवे दप्तराचे मोडी कागद पुण्यास गठ्ठ्यांनी पडून आहेत. ते वाचणारे थोडे, आणि मोडी व कायदा दोन्ही जाणणारे त्याहून थोडे. तुमच्या घरीही आजोबांच्या पेटीत एखादी सनद, खरेदीखत अगर वाटणीपत्र असेल. जाणत्या माणसाकडून ते वाचवून घ्या आणि तीन गोष्टी शोधा : कोणी दिले, काय दिले, आणि काय राखून ठेवले. हेगच्या न्यायमूर्तींनी पेशव्यांच्या सनदेला हेच तीन प्रश्न विचारले होते.

असो. त्या विद्यार्थिनीचे वडील पुन्हा भेटले, तेव्हा मी त्यांना दादरा-नगरहवेलीच्या वाटेची ही हकीकत सांगितली. त्यांनी ती लक्षपूर्वक ऐकली आणि विचारले, “सव्वाशे वर्षांची वहिवाट धरली म्हणता? मग आमची तर चाळीस वर्षांची आहे.” मग थोडे थांबून म्हणाले, “पोरीला जाऊ द्यावे म्हणतो.” मुलगी आता पुण्यास शिकत आहे. मळ्याच्या वाटेचा निकाल अद्याप लागावयाचा आहे.

विचार करावयाचे प्रश्न

१. औंध संस्थानाला राष्ट्राची कोणती लक्षणे लागू पडत होती, आणि कोणते लागू पडत नव्हते? का?

२. सातारच्या तहातील ‘वारस व उत्तराधिकारी’ या शब्दांचा अर्थ तिऱ्हाईत न्यायालयापुढे गेला असता, तर रंगो बापूजींनी कोणता पुरावा मांडावयास हवा होता?

३. सरंजाम देणे आणि राज्य देणे यांतील भेद आपल्या शब्दांत सांगा.

४. तुमच्या गावातील एखाद्या वाटेची वहिवाट किती वर्षांची आहे, ती कोणासाठी आहे, व कशावरून सिद्ध करता येईल, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून आणा.